दगडावर पाखरू

दादा मंगळवारी वारला. त्याला कावीळ झाली होती. आमचा खेळ अर्धा राहिला.

सत्तरच्या दशकात आम्ही निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत राहत होतो. दादा लूमवर कामाला होता, आई घरी मागासाठी कांड्यांवर सूत भरायची, मी कॉलेजात जायचे. खेळ दादाने रचला होता. तो गोष्ट सांगायचा आणि गोष्टीतली माणसं आम्ही व्हायचो. मी आणि लूमवरचा त्याचा उत्तरेकडचा जोडीदार. काय साधेल, काय फसेल, ते कवड्या टाकून ठरायचं. प्रत्येकाची एक रिकामी कांडी असे. रूप बदललं की तिच्यावर रंगीत सूत गुंडाळायचं. काळं म्हणजे दगड, हिरवं म्हणजे पाखरू.

शेवटच्या डावात शापाने मी दगड झाले. मला सोडवायला जोडीदाराने पाखराचा मंत्र टाकला आणि तो लागला. काळ्यावर हिरवं चढलं. आता मी उडायचं की नाही?

“पत्थर का कबूतर!” जोडीदार हसला. “बहन, तेरे लिए तो क्रेन मंगानी पड़ेगी.”

“मंत्र तूच टाकलास, आता तूच उचल तिला,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “थांब गं, विचार करून सांगतो.”

ते सांगायचं राहिलं.

तेराव्यानंतर जोडीदार घरी आला. मी अर्ध्या डावाचं काढलं. “रहने दे, बहन. कहानी उसकी थी.”

आईने कांड्या मागितल्या. “माणूस ऱ्हायला न्हाय, नि तू कांड्या धरून बसलीस?”

मी दिल्या नाहीत. उत्तर काढायचं आणि डाव पुढे न्यायचा, हे मी ठरवलं होतं.

नवं रूप जुन्याला पुसून टाकतं असं धरलं, तर कुठल्याही मंत्राने कुठलाही शाप सुटेल, मग शापाला कोण भिणार? दोन्ही रूपं एकदम चालतात म्हटलं, तर तिसरं आलं की कुणालाच काही सांगता येणार नाही. बरेच दिवस मी कॉलेजातही हेच घोळवत होते. शेवटी कांडीच हातात घेऊन खालचं काळं सूत ओढलं. ते आलं नाही, नुसतं काचलं. आधी हिरवं उलगडावं लागलं.

मी जोडीदाराला बोलावून नियम सांगितला. वरचं रूप चालेल, खालचं थांबेल. सोडवायचं ते वरून. मंत्राने मोठं किंवा लहान होणं हे रूप नव्हे, ते माप. ते कुठल्याही रूपाला लागेल.

त्याने कांडी फिरवून पाहिली. “और नीचे वाले शाप की मुद्दत खतम हो गई तो?”

“मुदत खालीही चालूच राहते. संपली असेल तर हिरवं उतरल्यावर काळं काढून टाकायचं. नसेल तर मी पुन्हा दगड.”

“मतलब अभी तू उड़ेगी.”

“हो.”

“ठीक. पर सुनाएगा कौन? तू तो दुकान पे नमक भी इशारे से मांगती है.”

“मी सांगेन.”

पहिल्या दिवशी आवाज नीट फुटत नव्हता. जोडीदार दोनदा “जोर से, बहन” म्हणाला, तिसऱ्यांदा आई चुलीपाशी बसून म्हणाली. मी उडाले, नदी ओलांडली, आणि पलीकडे काय आहे ते मला रचावं लागलं.

दादाने तिथे काय ठरवलं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. जोडीदार पुढे गावी परत गेला. आता चुलत भावाची पोरं खेळतात आणि गोष्ट मी सांगते.