बैलाला ‘बाबा’ म्हणू नये

शिंगं धरून बैल आडवा कसा करायचा, हे मला माहीत आहे. मोबाइलवर बघितलंय. परदेशात त्याचा रीतसर खेळ असतो. धावत्या घोड्यावरून बैलाच्या अंगावर उडी घ्यायची, शिंगं धरायची, मान पिरगाळायची, की बैल उताणा आणि लोकांच्या टाळ्या. सगळं मिळून चार-पाच सेकंद. (माझी कंबर धरली, त्याला आता पाच आठवडे झाले.)

माझी सासुरवाडी मंद्रूपची. घरात बोलणं कन्नड. मी पडलो जेऊरचा, मराठी बोलणारा; पंधरा वर्षांत ‘ऊटा’ म्हणजे जेवण, एवढंच शिकलो. तिथं मला कुणी कशाला हात लावू देत नाही. बादली उचलली तरी सासरे म्हणतात, “ठेवा, तुमी बसा.” बसून बसून मी दमलो होतो. एकदा तरी घरच्या माणसासारखं वागवावं, एवढीच इच्छा.

त्या दिवशी मल्ल्या बैलाला पत्री मारायला रफिकभाई नालबंद आले होते. खुराला लोखंडी पत्री ठोकायची तर बैल आधी दोरानं पाडावा लागतो. मल्ल्याला सोडून अंगणात आणलं आणि दोर शोधायला सासरे गोठ्यात गेले.

“दोर कशाला?” मी म्हणालो. “मी पाडतो.”

रफिकभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जावईबापू, तुमी काम काय करता?”

“विमा उतरवतो.”

“मग ठीक हाय,” म्हणाले आणि लांब जाऊन बसले.

बायको शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, “नका. तुमाला घरातली गादी उलटी करता येत न्हाई.”

घोडा नसल्यामुळे मी ओट्यावरून उडी मारली. दोनपैकी एक शिंग हाती आलं. मान पिरगाळली. मल्ल्यानं माशी उडवावी तशी ती झटकली, आणि मी शेणात. उठलो आणि पळत सुटलो.

तो निवांत माझ्या मागं निघाला.

“नको रे बाबा!” मी ओरडलो. त्यानं चाल वाढवली. “बाबा, बाबा” करत मी कडब्याच्या गंजीला दोन फेऱ्या मारल्या, तर तोही पळू लागला. शेवटी गंजीवर चढलो. तोंडानं “बाबा, बाबा” चालूच होतं. तो खाली उभा राहून माझ्याकडं मोठ्या आशेनं बघत होता.

सासरे दोर घेऊन बाहेर आले. “पळताय कशाला? तुमीच बोलवताय की त्याला.”

“मी?”

“आमच्यात ‘बा’ म्हंजे ये. ‘बा बा’ केलं की वैरण मिळती, म्हणून येतोय त्यो.”

“मग मला कधी ‘बा’ म्हणत नाही तुम्ही?”

“जावयाला ‘बर्री’ म्हणायचं. म्हंजे या. ‘बा’ घरच्याला.”

हे मनाला लागलं. पंधरा वर्षं मी ‘या’ होतो, आणि बैल घरचा.

मग त्या दोघांनी दोर टाकून मल्ल्याला अलगद पाडलं, पत्री ठोकली. मी ओट्यावर बसून कंबर चोळत होतो. जेवणवेळ झाली. तेवढ्यात घरामागच्या परड्यातून सासऱ्यांची प्रेमळ हाक आली, “बा, बा.”

मला खरंच भरून आलं. कंबर विसरून उठलो आणि निघालो.

“अवो, बसा,” मागून बायको म्हणाली. “वैरणीची पाटी हाय त्यांच्या हातात.”

तोवर मी मल्ल्याच्या आधी पोचलो होतो.