फळ्यामागचा संगणक

हे लिहावं की नाही, याचा विचार मी बरीच वर्षं करत आलो. जिच्याविषयी लिहितोय तिने मला कधी दोष दिला नाही. त्यामुळेच बहुधा ते जास्त अवघड झालं.

तेव्हा मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शहरात नुकताच एक संगणक वर्ग निघाला होता. एका खोलीत दोन मशीन, चपला दाराबाहेर काढायच्या. तिथे मी तीन महिन्यांचा कोर्स केला. मशीनला हात लागायचा तो आठवड्यातून अर्धा तास, बाकी सगळा संगणक वहीतच. तरी बातमी ताडकळसच्या बाजूच्या आमच्या गावात पोचली आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"शनवारी येत जा," ते म्हणाले. "हे मशीन आल्यावर दुनिया कशी बदलणार हाय, तेवढं दहावीच्या पोरांना सांग. आमालाच त्यातलं काय कळंना."

शाळेत संगणक नव्हता. मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून नेला. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्याला खायला काय लागतंय?"

"लाईट लागते."

"मग आपल्या गावात उपाशीच मरतंय की ते!"

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. तेव्हा गावात वीज दिवसातून किती वेळा जायची, ते कोणी मोजत नसे.

पुठ्ठ्याने काम भागेना, म्हणून पुढच्या शनिवारी मी एक खेळ केला. वर्गात लाकडी घोडीवर ठेवलेला फळा होता. फळ्यामागे एका मुलीला पाटी घेऊन बसवलं. बाकीच्यांनी चिठ्ठीवर आपला हजेरीचा नंबर आणि तीन विषयांचे गुण लिहायचे आणि चिठ्ठी फळ्याखालून आत सरकवायची. आतून बेरीज येणार आणि पास की नापास ते येणार. ती मुलगी म्हणजे आमचा संगणक.

ती आमच्याच वस्तीतली. वडील लहानपणीच गेलेले, आई रोजाने शेतात जायची. घरी ती मला दादा म्हणायची, शाळेत सर. गणितात तिच्या तोडीचं वर्गात कोणी नव्हतं. चिठ्ठी आत जायची आणि श्वास घेईपर्यंत उत्तर बाहेर यायचं.

"बघा," मी वर्गाला म्हणालो, "चिठ्ठी कोणाची आहे, हे आत कळत नाही. चेहरा दिसत नाही, आडनाव दिसत नाही. दिसतात फक्त आकडे. उद्या सगळी कामं मशीनवर गेली, की समाजात हाच सर्वांत मोठा बदल होईल."

हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं होती. कॉलेजच्या भिंतींवर घोषणा लिहिल्या जात, पुसल्या जात, पुन्हा लिहिल्या जात. कुठेही अर्ज दिला की खिडकीतला माणूस आडनाव वाचून मान वर करायचा. ती मान वर होण्याची मला फार भीती वाटायची. मान वर न करणारं काहीतरी जगात आलंय, हे मला मनापासून खरं वाटत होतं. निदान ते खरं असावं, असं वाटत होतं.

त्याच तासाला एक गंमत झाली. एका मुलाने घाईत बासष्टऐवजी सव्वीस लिहिले. त्याची बेरीज कमी आली आणि फळ्यामागून आवाज आला, "नापास!"

"सर, मशीन येडं झालं!" तो ओरडला.

फळ्यावरून तिचं डोकं वर आलं. "मशीन येडं न्हाई, तू येडा. तुझी चिठ्ठी बघ."

मी चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हणालो, "चूक मशीनची नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्याची." वर्ग पुन्हा हसला. घंटा झाली. त्या वाक्याचा अर्थ काय होतो, यावर मी थांबलो नाही. मुलांना पुढे काय सांगायचं, ते माझ्या डोक्यात होतं.

आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढे शिकायचं तर परभणी, आणि परभणीत राहायचं तर वसतिगृह. तिच्या आईने स्वच्छ सांगितलं होतं, "हॉस्टेल लागलं तर शीक माय, न्हाई लागलं तर चल माझ्यासंगं रानात. दुसरं माझ्या हाती काय न्हाई."

त्या वर्षी परभणीतल्या एका संस्थेने मुलींच्या वसतिगृहासाठी निवड परीक्षा ठेवली. अर्ज मीच आणून दिला. गुणांची यादी संगणकावर निघणार, असं त्यावर छापलं होतं. ते वाचून मला झालेला आनंद आठवला की अजून लाज वाटते. मी तिच्या आईला समजावून सांगितलं, "मावशी, आता घोर न्हाई. मशीनला आडनाव कळत न्हाई."

"मंग देवच म्हनायचा की तो," मावशी म्हणाली.

पेपर देऊन आल्यावर ती थेट आमच्या ओट्यावर येऊन बसली. प्रश्नपत्रिका समोर ठेवून माझ्या वहीत तिने सगळी गणितं पुन्हा सोडवली, ताळाही करून पाहिला. "सगळी बरोबर हायत दादा. हेच लिहून आले." वही तिने ठेवून घेतली. पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणाली.

यादी लागली ती कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. फक्त नंबर आणि गुण. तिचा नंबर निवड झालेल्यांत नव्हता. गणितात बावीस.

दुसऱ्या दिवशी ती आली. रडली नव्हती. "दादा, खाली लिहिलंय, शंका असंल तर आठ दिवसांत अर्ज करा. करू का? मला बावीस पडत न्हाईत."

त्या वेळी मी काय बोललो, ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मानसानं तपासलं असतं तर मी सवता तुझ्यासंगं आलो असतो. पर मशीनचं तुझ्याशी काय वैर हाय?"

"वैर न्हाई, पर..."

"आपन अर्ज केला की लोक काय म्हनतात, ठाव हाय ना? ह्यांना नापास केलं की लगेच अन्याय झाला. ते ऐकायचंय का? एकदा तरी सरळ निकाल लागलाय, तो सरळ घेऊ."

 ती म्हणाली, "बरं, सर." ओट्यावर ती मला सर कधी म्हणत नसे.

तिला खरंच बावीस पडले, असं मला वाटत होतं का? मला नक्की सांगता येत नाही. मला एवढंच कळत होतं, की तिने शंका घेतली तर मी शनिवारी वर्गात सांगितलेलं सगळं डळमळेल. आणि वर्गात सांगितलेलं तेवढंच माझ्याकडे होतं.

साधारण तीन आठवड्यांनी परभणीच्या बसस्टँडवर कोर्समधला एक मित्र भेटला, पाथरीकडचा. खुशीत होता. "माझ्या भाचीचं नाव लागलं राव हॉस्टेलला! गणिताच्या पुरवणीचे गुण मशीनमध्ये टाकायचेच राहिले होते. अर्ज केला, चार दिवसांत दुरुस्त."

मी तसाच त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मान वर केली नाही, आडनावही विचारलं नाही.

"मुदत गेली. जागा भरल्या."

"पेपर तरी दाखवता का? गणिताचा फक्त."

"पेपर ठेवत नसतो आम्ही. तुम्ही तेव्हा का नाही आलात?"

 परतीच्या गाडीत उभा होतो आणि गाव येऊ नये, असं वाटत होतं.

ती रानात होती. खुरपणी चालू होती. बायांच्या ओळीत ती आईच्या शेजारी, डोक्याला फडकं बांधून. मी बांधावर बसलो आणि पाथरीकडच्या मुलीचं सगळं सांगितलं. मावशीचे हात थांबले. तिचे थांबले नाहीत.

"मला वाटलंच व्हतं," ती खाली बघूनच म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता न्हवं त्या दिशी? चूक मशीनची न्हाई, चिठ्ठी लिहिणाऱ्याची."

"मग तू मला तेव्हाच कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी सर हायत. तुमाला ठावच असंल म्हनलं."

मावशी म्हणाली, "जाऊ दे लेकरा, तू काय वाईट करायला गेलतास?" ते वाक्य मला फार लागलं. ओळ पुढे सरकली आणि मी बांधावरच मागे राहिलो.

त्या संध्याकाळी तिने धाकट्या भावाच्या हाती माझी वही परत पाठवली. पुढच्या वर्षाचं काम आता राहिलं नव्हतं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. शनिवारचे तास मी पुढेही वर्षभर घेतले, पण फळ्यामागे पुन्हा कोणाला बसवलं नाही.

ती वही माझ्याकडे आहे. तिच्यातली सगळी गणितं मी कितीदा तरी तपासली. एकही चुकलेलं नाही. पेपरात तिने हेच लिहिलं होतं का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी माझ्याजवळ फक्त तिचा शब्द होता, आणि आठ दिवस होते.