आबालवृद्धांसाठी सुलभ किनारा

कोल्हापूरपासून समुद्र तसा फार लांब नाही, पण मध्ये सह्याद्री असल्यामुळं आम्हाला तो परदेशासारखाच. आमच्या पाण्याविषयीच्या सगळ्या कल्पना पंचगंगेवर बेतलेल्या. वर्षातून एकदा पूर येतो, आठ दिवस त्याची चर्चा होते आणि तो जातो. उरलेलं वर्षभर पाणी काल जिथं होतं तिथंच आज असतं.

सत्तरच्या दशकात आमच्याकडं एक पदभ्रमण मंडळ निघालं. त्यात बँकेतले कारकून, शाळामास्तर, दोन वकील आणि अध्यक्ष म्हणून शिरोलीला फाउंड्री असलेले एक शेठ होते. शेठ स्वतः चालत नसत, पण चालणाऱ्यांना झेंडा दाखवायला त्यांना आवडे. प्रत्येक मोहिमेनंतर सत्कार होई आणि त्याला मोहिमेपेक्षा जास्त वेळ लागे. मी सभासद होतो, कारण मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या भाषणांना मनातल्या मनात हसणं मला जमे. आपण शहाणे असल्याचा तो स्वस्तातला पुरावा होता.

एका हिवाळ्यात मंडळाच्या चिटणिसांनी पत्रक काढलं : ‘आबालवृद्धांसाठी सुलभ सागरकिनारा पदभ्रमण. श्रम नाहीत, चढ नाही, वयाची अट नाही.’ वाटेची पाहणी करायला मोहिमेच्या आदल्या रविवारी चिटणीस आणि मी शेठच्या जीपमधून फोंडा घाट उतरून देवगडच्या बाजूला गेलो. अकरा वाजता किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी लांब गेलं होतं आणि त्यानं मागं टाकलेली ओली वाळू सरळ दोन मैल पसरली होती, पार टोकाच्या खडकावरच्या देवळापर्यंत. चपला काढून चाललो. पाय रुतत नव्हता. सारवलेल्या अंगणासारखी घट्ट, सपाट जमीन. चिटणिसांनी वहीत नोंद केली, ‘सकाळी अकरा. रस्ता उत्तम.’ रस्ता हा शब्द त्यांचा.

मला तिथं आप्पा आठवले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, यांनी गारगोटीच्या हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला आणि समुद्र कधी पाहिला नाही. सुट्टीत पेपर तपासायचे, मग शेतीची कामं, मग बहिणींची लग्नं. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले आणि वर्षभरात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भाषेतून त्यांच्याकडं एकच शब्द उरला, ‘बरं’. तहान लागली तरी बरं, राग आला तरी बरं. डॉक्टर म्हणाले होते, जे काय परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं. त्यातले दहा महिने संपले होते. ते काठी घेऊन दारापासून फाटकापर्यंत जात, पण दगडाला उजव्या पायाचा अंगठा अडके. दोनदा पडले होते आणि आता पडण्याच्या भीतीनंच जास्त थकत.

त्या रात्री मी त्यांना सगळं सांगितलं. अकरा वाजता पाणी केवढं लांब होतं, वाळू कशी फरशीसारखी होती, अडकायला एक खडा नव्हता. दमलात तिथं थांबू, म्हणालो, पण जेवढं होईल तेवढं समुद्राच्या कडेनं चालू. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकापर्यंत सहा फेऱ्या मारल्या.

शुक्रवारी चिटणीस वेळापत्रक घेऊन घरी आले. पहाटे एस.टी.ची खास गाडी, अकराला किनारा, शेठचे दोन शब्द, मग चालायला सुरुवात. आप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी डाव्या हातानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. रविवारच्या चौकोनात अमावस्येचा काळा ठिपका होता. ‘बरं, बरं, बरं,’ म्हणाले आणि मान जोरात हलवायला लागले. नको, नको, अशी.

“आवस हाय न्हवं,” आई म्हणाली. ती मुरगूडची, शेतकऱ्याघरची. “आवसंचं कुठं भाईर पडू नये म्हणत्यात, त्येच सांगत असतील.”

चिटणिसांना असा प्रसंग आवडे. त्यांनी बशी खाली ठेवली. “आप्पा, तुम्ही भूगोलाचं मास्तर. चंद्र दिसंना झाला म्हणून काय आपण घरात बसायचं व्हय?”

मी हसलो. हसलो, आणि मला आप्पांची लाजही वाटली. ग्रहणात आम्हा पोरांना अंगणात बसवून शेंगा खायला लावणारा माणूस हा. झटक्यानं त्यांची बुद्धीही नेली, असं माझ्या मनात आलं. आप्पांनी डावा तळहात टेबलावर पालथा ठेवला, लांब सरकवला आणि परत स्वतःकडं ओढून घेतला. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. त्यांना चहा हवा असेल असं वाटून मी त्यांच्यापुढं चहाची बशी सरकवली. त्यांनी बशीकडं पाहिलं आणि हात मांडीवर घेतला.

रविवारी अकराला आम्ही पोचलो आणि किनारा नव्हता.

पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं. झाडांच्या बुंध्यांशी कोरड्या, भुसभुशीत वाळूची एक उतरती पट्टी उरली होती आणि देवळाच्या खडकावर लाटा चढत होत्या. मंडळी गाडीतून उतरून आपापल्या टोप्या सारख्या करत उभी राहिली. शेठनी सागराला नारळ अर्पण केला. सागरानं तो दोनदा परत आणून दिला. मग शेठ निसर्गाच्या भव्यतेवर बोलले, आणि ते बोलत असताना मंडळाच्या फलकाचा एक बांबू आडवा झाला.

भाषण संपायच्या आधीच आप्पा काठी घेऊन निघाले होते. मी धावत त्यांच्या शेजारी गेलो. कोरड्या वाळूत काठी वीतभर आत जाई आणि उजवा पाय उचलला जाईना. सात-आठ पावलं झाली असतील. मग ते हळूच, जणू ठरवून बसावं तसे, एका अंगावर कलंडले. मी त्यांना बसतं केलं. तोंडातली वाळू पुसली.

माशांची टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबून आमच्याकडं बघत होती. ही वाळूची पुळण कधी मोकळी होते, असं मी तिला विचारलं.

“आज आवस,” ती म्हणाली. “उधाणाचा पाणी. आता पुळण खंय गावतली तुमका? सांजेक येवा.”

तेव्हा मला कळलं. हा पाठ आप्पांनीच मला नववीत शिकवला होता. फळ्यावर पृथ्वी, चंद्र आणि दोन्हीकडं फुगलेलं पाणी. भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांचे जवळजवळ सहा तास. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी ओहोटी, या रविवारी त्याच वेळी भरती, आणि अमावस्येची म्हणून मोठी. चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण होते. आप्पा समुद्र न बघता हे खुर्चीत बसून सांगत होते, आणि आम्ही दोघं सुशिक्षित त्यांना अंधश्रद्धेतून बाहेर काढत होतो.

मी म्हणालो, आप्पा, चुकलं माझं. ते पाण्याकडं बघत होते. ‘बरं,’ म्हणाले.

दुपार मंडळींनी सुरूच्या सावलीत दशम्या खाण्यात घालवली. दोनच्या सुमाराला गाडीत सामान चढायला लागलं आणि त्याच वेळी पाणी मागं हटू लागलं. आधी हातभर, मग खोलीएवढी, मग ओसरीएवढी ओली, घट्ट वाळू उघडी पडत गेली. मी चिटणिसांकडं गेलो. अर्धा तास थांबा, म्हणालो, नुसता अर्धा तास. चिटणीस शेठकडं गेले. शेठना संध्याकाळी कुठंतरी प्रमुख पाहुणे म्हणून जायचं होतं, आणि घाट दिवसाउजेडी चढलेला बरा, असं बाकीच्यांचंही मत पडलं. मला वाद घालता आला असता. मी मागच्या रांगेतला माणूस, उभा राहून बोलायची मला सवय नव्हती.

आप्पांना समुद्राकडच्या खिडकीशी बसवायला गेलो, तर ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

मंडळाच्या अहवालात पदभ्रमण यशस्वी झाल्याचं छापून आलं. पुढच्या रविवारी, पाहणीच्या दिवशी होती तशी, पुन्हा अष्टमी होती. मी एस.टी.च्या वेळा बघून ठेवल्या, शनिवारी आप्पांसमोर कॅलेंडर धरलं आणि बोटानं दाखवलं. सकाळी अकराला ओहोटी. आपण दोघंच जाऊ.

‘बरं,’ म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

त्यानंतर ते फाटकापर्यंतही गेले नाहीत. डॉक्टरांचं वर्ष संपलं. काठी कोपऱ्यात उभी होती. पुढं आई त्या काठीनंच उंच तारेवर ओली धोतरं टाकायला लागली.