मुटुपच्या घरची छांग

मुटुपला छांग, म्हणजे आमची जवाची घरगुती दारू, घालता येत नव्हती, यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गावात कुठल्याच पुरुषाला येत नाही. आम्हाला फक्त ती बिघडली आहे एवढं सांगता येतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरी बसून.

छांग घालायची त्याची बायको, छोरोल. बाकीच्या घरांनी ते काम कधीच सोडलं होतं. लग्न असलं की लेहहून बाटल्या आणायच्या, नाहीतर कुणाच्या तरी फौजेतल्या भावाकडून रम. छोरोल मात्र दर हिवाळ्यात जव शिजवायची, आणि सगळं गाव काही ना काही निमित्त काढून तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचं. मीही जायचो. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे वास आधी मलाच यायचा. ती गेली आणि दोन हिवाळे तिचं ते मातीचं मोठं भांडं कोपऱ्यात पालथं पडून राहिलं. मुटुप आणि त्याचा मुलगा ग्यालसन, दोघंच घरात. चहात सातूचं पीठ कालवून खायचे आणि एकमेकांशी न बोलता झोपायचे.

मग ग्यालसनला नाल्यापलीकडच्या उर्गेनची मुलगी कुंझेस आवडली. तिलाही तो आवडला होता, त्यात शंका नाही. तिच्या मेंढ्या उगीचच आमच्या बाजूला चरायला यायला लागल्या होत्या. आमच्याकडे मुलगी मागायला जाताना छांग न्यायची. बापानं ती प्यायली तर हो, पेला तसाच ठेवला तर नाही. आधी अंदाज घ्यायला म्हणून मुटुपनं मला पाठवलं.

उर्गेन माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की हलत नाही.

"ज्या घरात बाई नाही तिथं जाऊन माझी पोर काय करणार?" तो म्हणाला. "दोन बाप्यांची भांडी घासणार?"

"घर चांगलं आहे, उर्गेन-ले. जव आहे, जर्दाळूची झाडं आहेत."

"चूल पेटते का? बाटली घेऊन येऊ नका म्हणावं. बाटली कुणीही आणतं. त्या घरातली छांग आणा, त्याच घरात घातलेली. मग बघू."

मुटुपनं हे ऐकून पालथ्या भांड्याकडे बघितलं. ग्यालसननं त्याला आधीच सांगून टाकलं होतं, कुंझेस नाही तर मी खाली चंदीगडला जातो ट्रक चालवायला. पोरगा बोलला तसं करणारा होता.

"तो गेला तर मी या भांड्यासारखाच, नोर्बू," मुटुप मला म्हणाला. "मीच घालतो छांग. छोरोलला इतकी वर्षं बघितलंय की."

"बघितलंस कधी? तू तर पीत होतास."

त्यानं ऐकलं नाही. जव निवडले, धुतले, फुटेपर्यंत शिजवले, घोंगडीवर पसरले. छोरोलनं चिंधीत बांधून ठेवलेल्या फाब्सच्या वड्या त्यानं खुंटीवरून काढल्या. फाब्स म्हणजे छांगेचं विरजण. ते मेलेलं असेल तर जव नुसते कुजतात. छोरोल सांगायची, आमच्या माहेरचं आहे, खिंडीपलीकडचं. मुटुपनं वड्या कुटून जवात कालवल्या, पोतं भरलं, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून चुलीशी ठेवलं आणि राखणीला बसला. पुढचे काही दिवस मी भिंतीपलीकडून नाक लावून होतो. वास आला तो बुरशीचा. सगळं जनावरांपुढे टाकलं, तर त्यांनीसुद्धा जरा विचार करूनच खाल्लं.

विरजण जुनं होऊन मेलं होतं. लामानं मागणीचा दिवस काढून दिलेला. खिंड बर्फानं बंद, म्हणजे लेह नाही आणि छोरोलचं माहेरही नाही. गावात अजून छांग घालणारं आणखी एकच घर होतं, आणि त्याचं नाव आम्ही दोघांनीही बराच वेळ घेतलं नाही.

गावाच्या टोकाला, ओढ्याच्या खाली, पाल्मोचं घर आहे. नवरा लोहार. आमच्याकडे लोहारांना गारा म्हणतात आणि त्यांच्या घरचं कुणी खात-पीत नाही. विळा त्यांचा, कुऱ्हाड त्यांची, चहाच्या किटलीला डाग दिलेला त्यांचा. हात तेवढा त्यांचा चालत नाही. मेजवानीला ते येतात, रांगेच्या अगदी शेवटी बसतात, पेला घरून आणतात. इथं शेंबड्या पोराच्या नावालाही मानानं 'ले' लावतात, पण पाल्मो साठीला आली तरी नुसती पाल्मोच.

मुटुप संध्याकाळी निघाला. मी बरोबर गेलो, पण दारातच उभा राहिलो, कुणी येतंय का बघत. आत जायला माझा पाय उचलला नाही.

पाल्मोनं काही विचारलं नाही. वर टांगलेल्या टोपलीतून तिनं वड्या काढल्या, ताज्या, पिठूळ, आणि फडक्यात बांधल्या.

"जव पसरले की गाल लावून बघा," ती म्हणाली. "तान्ह्या पोराच्या कपाळाइतके कोमट झाले की मगच कालवा. मुटुप-ले, आमच्या हातचं चालेल ना?"

"कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

ती हसली. "कुणाला सांगू? माझ्याशी बोलतं कोण?"

या वेळी पोत्यातून वास आला. मी अंथरुणात होतो, उठून बसलो. आंबूस, गोडसर, थेट छोरोलच्या चुलीचा. शेजारी गेलो तर मुटुप पोत्याला कान लावून बसला होता आणि त्याचे डोळे भरलेले होते. "बोलतंय," तो म्हणाला. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. मग जव भांड्यात भरले, तोंड लिंपलं, मुरू दिले, पाणी ओतलं आणि पहिली धार काढली.

ठरल्या दिवशी आम्ही सुरईच्या ओठाला लोणी लावून, पांढरी खताग, म्हणजे मानाचा रेशमी रुमाल, गुंडाळून उर्गेनकडे गेलो. मुटुपनं पेला भरला. उर्गेननं बोटानं तीन थेंब देवांना उडवले, एक घोट घेतला आणि पेला हातातच धरून राहिला. आतल्या दाराआड कुंझेसच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"ही तर छोरोलची," उर्गेन म्हणाला. "फाब्स कुणाचं?"

मी माझ्या बुटांकडे बघायला लागलो.

"छोरोलनं ठेवलेलं," मुटुप म्हणाला.

उर्गेननं पेला रिकामा केला. परत भरून घेतला आणि परत रिकामा केला. झालं, मुलगी दिली. पोरगा आता कुठं जाणार नव्हता, आनंदानं नाचायचं सोडून परतताना मुटुप बर्फात मान खाली घालून चालत होता. मला त्याचा रागच आला.

लग्न मुटुपच्या घरी झालं, त्याच विरजणाच्या छांगेवर. वरपासून खालपर्यंत रांग बसली होती आणि जो तो म्हणत होता, छोरोलच्या हाताची चव परत आली. रांगेच्या शेवटी, दारातल्या वाऱ्यात, पाल्मो आणि तिचा नवरा. मुटुप स्वतः सुरई घेऊन तिच्यापाशी गेला. एवढं खाली कुणी यजमान येत नाही, म्हणून लोक बघायला लागले. ते बघतायत म्हटल्यावर मुटुपचा हात सवयीनं वर गेला. सुरईचा ओठ तिच्या पेल्याला लागायला नको ना. वरून ओतलेली छांग तिच्या बाहीवर उडाली. मी शेजारीच पाहुण्यांना भाकरी वाढत होतो.

पाल्मोनं घोट घेतला. "छान झालीय," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी लागलं तर सुनेला नका पाठवू. लोक बोलतील तिला. तुम्हीच या अंधार पडल्यावर. छोरोल-ले यायच्या तसं."

"छोरोल यायची?"

"लग्न होऊन आल्या त्याच हिवाळ्यापासून. मागच्या दारानं."

रांगेच्या वरच्या टोकावरून उर्गेननं हाक मारली, "अहो व्याही, छोरोलची छांग इकडे येऊ द्या की!" मुटुप गेला आणि त्याचा पेला भरून आला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "ती मलाही भ्यायची, नोर्बू," तो म्हणाला. "माहेरचं आहे म्हणायची. जन्मभर एका अंथरुणात झोपलो आणि मला सांगायची तिला भीती वाटली. मी काय केलं असतं?"

"भांडं फोडलं असतंस," मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात तो पाल्मोकडे गेला तो भर दुपारी, गावाच्या मधल्या वाटेनं, कुंझेसला बरोबर घेऊन. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "आबा-ले, रिकाम्या हातानं कसं जायचं?" म्हणून टोपलीत सुकवलेले जर्दाळू होते. छपराछपरावर माणसं उभी राहिली. दोघं आत गेली, तिथं बसली, तिथला चहा प्यायली आणि फाब्स हातात उघडं धरून परत आली. मी माझ्या छपरावरून बघत होतो.

संध्याकाळच्या आत उर्गेन आला.

"मला बाटवलंस! देवांना थेंब उडवले मी!"

"छोरोल आली तेव्हापासून उडवतोयस, उर्गेन-ले. देवांनी कधी तक्रार केली नाही."

"माझी मुलगी या घरात आहे!"

"आबा, या वेळची मीच घालतेय," कुंझेस आतून म्हणाली. "झाली की घ्याल ना?"

तो तसाच नाला ओलांडून निघून गेला. ग्यालसन त्याच्या मागे धावला, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. उर्गेन नातवंडांना बघायला येतो, दारातल्या बाकावर बसतो आणि चहा घेतो, तोही स्वतःच्या पेल्यात. ज्या चुलीपाशी गाव बसायचं तिथं आता आम्ही चौघं-पाचजण असतो. मी जातो. मला छांग आवडते, आणि आता कुणाला उत्तर द्यायचं वय राहिलं नाही.

पाल्मोही येते. मुटुप तिला आचे म्हणतो, मोठी बहीण, आणि नावापुढे 'ले' लावतो. ती चुलीजवळ बसते आणि कमरेच्या घडीतून आपला लाकडी पेला काढते.

"आचे पाल्मो-ले, घरातला घ्या की," मुटुप दर वेळी म्हणतो.

"राहू द्या, मुटुप-ले. हाताला याचीच सवय आहे."

मग मुटुप ओततो. सुरई धरलेला त्याचा हात अजूनही आधी थोडा वर जातो. मग त्याच्या लक्षात येतं आणि तो खाली घेतो.