गुहेपासून घरापर्यंत छप्पर

ओन्सीची मुलगी मोन गुहेतच जन्मली, तिथेच रांगली आणि तिथेच बोलायला शिकली. उत्तर लाओसमधल्या त्या चुनखडीच्या डोंगराच्या पोटात अख्खं गाव विमानांच्या भीतीने जाऊन राहिलं होतं. शेतं अंधारात कसायची, दिवसा चूल पेटवायची नाही. पांढऱ्या कोंबड्या तर लोकांनी सुरुवातीलाच खाऊन टाकल्या, कारण त्या वरून दिसायच्या. मोन उजेडाकडे सरकली की ओन्सी तिला दंडाला धरून आत ओढायची. "वर बघायचं नाही," ती बजावायची. "वरचं वाईट असतं."

मग युद्ध थांबलं. आघाडीवर तांदूळ वाहायला गेलेला ओन्सीचा नवरा थाविसाय एका कानाने बहिरा होऊन परतला. लोकांनी खाली ओढ्याकाठी घरं बांधली, त्यानेही बांधलं. पण सहा वर्षांची मोन गुहेच्या तोंडापलीकडे पाऊल टाकेना.

"लाड पुरे झाले," म्हणून एका सकाळी थाविसायने तिला खांद्यावर टाकलं आणि शेतात नेलं. पोरीने डोळे घट्ट मिटून त्याच्या मानेत नखं रुतवली. खाली ठेवताच ती पेंढ्याच्या ढिगात शिरली. ओन्सीने येऊन हाका मारल्या तेव्हा कुठे बाहेर आली, आणि घरी न जाता थेट गुहेकडे पळाली.

मग ओन्सीही आपला हातमाग घेऊन पुन्हा गुहेत राहायला गेली. शेजारीण सेंगदाव टोमणा मारायची, "काय गं, वटवाघळांशी संसार थाटलास का?"

"ती निदान दुसऱ्याच्या घरात डोकावत नाहीत," ओन्सी म्हणायची आणि धोटा फेकत राहायची. पण तिचं मन खात असे. आपणच शिकवलेलं आता कोणत्या तोंडाने खोडून काढायचं?

थाविसाय भात घेऊन वर यायचा. एकदा वैतागून म्हणाला, "आता विमानं येत नाहीत, हे सांग ना तिला."

"अहो, विमान तिने कुठे पाहिलंय? डोक्यावर काही नसलं की तिचा जीव घाबरतो."

दुसऱ्या दिवशी त्याने बांबू तोडून आणले आणि गुहेच्या तोंडाशी गवताने शाकारलेला छोटा मांडव घातला. ओन्सीने माग त्याखाली आणला, तशी मोनही मागाखाली येऊन बसली. मग थाविसायने मांडव आणखी पुढे वाढवला. शेतीच्या कामातून सवड मिळेल तसं छप्पर उतारावरून घराच्या दिशेने सरकू लागलं, आणि त्याखाली मागही.

"थाविसाय, राजाची वरात उतरणार आहे का?" लोक विचारायचे. तो बहिरा कान त्यांच्याकडे करायचा.

छप्पर घराच्या जवळ आलं असताना सेंगदावची म्हैस मोकाट सुटून आली आणि नवं गवत ओढून चघळू लागली. मागाखालची मोन ते बघत राहिली. दुसरा घास, तिसरा घास. वरून ऊन आत पडलं, आणि पोर काठी उचलून म्हशीवर धावली.

"आई, ही बाबांचं छत खातेय."

ओन्सीचा धोटा हातातच थांबला. आपण उठलो तर तिला भीतीची आठवण होईल, असं वाटून ती जागची हलली नाही. "मग हाकल तिला," एवढंच म्हणाली.

मोनने म्हशीला थेट ओढ्यापर्यंत पिटाळलं. परतताना अर्ध्या वाटेत थांबली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग आईपाशी येऊन म्हणाली, "वर काहीच नाहीये गं."

"नाहीये," ओन्सी म्हणाली.

त्यानंतर मोन म्हशीच्या मागे दिवसभर हिंडू लागली. सेंगदाव म्हणाली, "माझी म्हैस वैदूपेक्षा बरी निघाली. तिला एखादी पेंढी तरी द्या." थाविसायने ती दिलीही.

एक गोष्ट ओन्सीने कुणाला सांगितली नाही. शेजारून मोकळी पायवाट असताना इतके महिने ती स्वतःही त्या छपराखालूनच ये-जा करत होती. पावसाळ्यात छप्पर कोसळलं तेव्हा थाविसाय बांबू गोळा करू लागला. "राहू द्या," ती म्हणाली. उघडीप मिळताच तिने माग अंगणात मांडला. नजर सुतावरच ठेवली होती, पण बसली उघड्यावर.