पाणी न पिणारी माती

"मॅडम, मुरतंय की पाणी!" आमच्या ऑफिसच्या मुख्य सरांनी बाटली उपडी करून दाखवली. काळ्या राखेवर ओतलेलं पाणी बघता बघता दिसेनासं झालं.

पेठ तालुक्याच्या बाजूचा हा डोंगर उन्हाळ्यात वणव्याने जळला होता. आमच्या संस्थेला पावसाआधी तिथे रोपांसाठी खड्डे खणायचे होते. ऑफिसात मातीचं काम बघणारी मी एकटीच. बाकी सगळे सिव्हिलवाले.

मी खुरप्याने राख बाजूला केली आणि खालच्या मातीवर पाणी सोडलं. अळूच्या पानावर बसतो तसा थेंब बसून राहिला. मग घरंगळला.

पाचोळा जळतो तेव्हा त्यातल्या मेणासारख्या पदार्थांची वाफ होते. थोडी वाफ जमिनीत उतरते आणि खालच्या गार मातीच्या कणांवर बसते. तिथे पाणी न पिणारा थर तयार होतो. शिवाय मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा कुजलेला पालाही जळून गेलेला असतो. जोराचा पाऊस आला की वरची राख आणि माती भिजून जड होते, आणि त्या थरावरून खाली येते.

"खड्डे थांबवू, खणलं की माती आणखी सुटेल," मी म्हणाले. "आधी उताराला आडवी लाकडं आणि दगड लावू. पायथ्याला एक घर आहे, तेही रिकामं करायला हवं."

"एका थेंबावरून? रिपोर्ट द्या, बघू."

सर गाडीत बसून गेले. मी मागे थांबून ठिकठिकाणी तीच चाचणी करत राहिले. डोंगरावर पाखरूसुद्धा नव्हतं. शिट्टी वाजवावीशी वाटली, पण वाजवली नाही.

खालच्या घरात सोनाबाई एकटी राहायची. तिला सगळं समजावलं.

"मी नाय जायची. पोरगा तिकडं शहरात, अंबडला कंपनीत हाय. तो आला अन् दाराला कुलूप दिसलं तर?"

"त्याला फोन करू."

"तो उचलत नाय."

मी माझ्या फोनवरून लावला. त्याने दुसऱ्याच रिंगला उचलला. सोनाबाई माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

रविवारी मुलगा न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते. निघताना तिने विचारलं, "तू कुठं राहती, बाई?"

"इंदिरानगरला."

"घरी कोण हाय?"

"कोणी नाही."

"मंग तुला कोण नेईल?"

मी हसले. तिचं गाठोडं मुलाच्या हातात दिलं.

रिपोर्टला मंजुरी उशिरा आली. अर्ध्याच उतारावर लाकडं लागली. उरलेल्या उतारावर, माझा रिपोर्ट असूनही, खड्डे झाले. मग एका दुपारी मुसळधार पाऊस पडला. लाकडं होती तिथे गाळ अडून राहिला. नव्हती तिथला गाळ खड्डे भरून खाली आला आणि सोनाबाईच्या घराची मागची भिंत पाडून आत शिरला. चुलीपर्यंत चिखल होता.

"बरं झालं, म्हातारी नव्हती," सर म्हणाले. फोटो काढून त्यांनी वर पाठवले.

घराचं सांगायला मी अंबडला गेले. सोनाबाई पत्र्याच्या खोलीत दाराशी बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मंग आता हितंच." मला चहा केला. मुलगा ड्यूटीवर होता.

वणव्यानंतर झाडं लावायची घाई करू नये. आधी राख उकरून माती पाणी घेते का ते बघावं. हे मी आता प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. सगळे मान हलवतात, आणि पुढचा विषय निघतो.