चार प्रश्नांचा आप्पा

आप्पाच्या हाती कुणी जुना लॅपटॉप दिला, की तो आधी स्क्रूड्रायव्हर उचलीत नसे. चार प्रश्न विचारीत असे. अधिकारी कोण? विषय काय? संबंध कसला? प्रयोजन काय? समोर शहापूरचा साडीचा व्यापारी असो की खानापुराहून सकाळच्या गाडीने आलेली एखादी शिक्षिका असो, या प्रश्नांची उत्तरे मनाजोगी मिळाल्याशिवाय त्याने कधी एकही स्क्रू सैल केला नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी या चार गोष्टी सांगून टाकण्याची परंपरा आहे: ग्रंथ कुणासाठी, कशाविषयी, त्या विषयाशी त्याचे नाते कोणते, आणि वाचून लाभ काय. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. पस्तीस वर्षे मी ते बेळगावच्या एका कॉलेजात शिकवले. आप्पाने ते वापरले. माझा मत्सर येथून सुरू होतो.

मत्सर हा शब्द मी विचारपूर्वक लिहीत आहे. षड्रिपूंपैकी पाच जण वयोमानाने माझ्याकडे फिरकेनासे झाले. सहावा मात्र नेमाने येत राहिला, आणि बहुधा आप्पाच्या दुकानावरून येत असे.

आम्ही दोघे एकाच गुरूंचे विद्यार्थी. निपाणीजवळ एका मठात आमचे गुरुजी पाठशाळा चालवीत. शेजारी तंबाखूची वखार होती. वारा तिकडून सुटला की रूपावली म्हणता म्हणता सगळा वर्ग शिंकू लागे. आप्पा बेळगावच्या वडगावातल्या विणकराचा मुलगा. त्याची मावशी त्या वखारीत कामाला होती, तिच्याकडे तो राहायला आला होता. खिडकीबाहेर उभा राहून तो आमच्याआधी शब्द पूर्ण करतो हे गुरुजींनी ऐकले आणि त्याला आत बोलावले. तेव्हा काहींनी नाके मुरडली. गुरुजींनी लक्ष दिले नाही. तिसऱ्या वर्षी गुरुजींनी वेदान्ताची एक लहानशी पोथी सुरू केली. पहिल्या दिवशी अनुबंधचतुष्टय झाले. दुसऱ्या दिवशी आप्पाचे वडील आले, घरच्या मागावर हात कमी पडतात म्हणाले आणि त्याला घेऊन गेले. मी पुढे सहा वर्षे तेथे राहिलो व पोथी संपवून आणखी चार ग्रंथ केले.

परीक्षेत मला प्रथम वर्ग मिळाला, तेव्हा पेढे घेऊन मी गुरुजींच्या दर्शनास गेलो. त्यांनी पेढा कपाळाला लावला, बाजूला ठेवला आणि विचारले, "तो वडगावचा मुलगा काय करतो रे?" माग चालवतो, असे मी सांगितले. "त्याला एकदा येऊन जायला सांग," गुरुजी म्हणाले. आप्पाचे घर बेळगावातल्या माझ्या खोलीपासून तीन गल्ल्यांवर होते. मी सांगितले नाही. नोकरी लागली तेव्हा गेलो, लग्नाची अक्षत द्यायला गेलो, दर खेपेस गुरुजी तोच प्रश्न विचारीत आणि तोच निरोप देत. मी दर खेपेस होय म्हणालो. मग गुरुजी गेले, आणि निरोप माझ्यापाशीच राहिला.

इकडे आप्पा मागावर बसून मागच दुरुस्त करू लागला; मागावरून रेडिओ, रेडिओवरून टीव्ही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर कॉम्प्युटर. शेजारच्याच शहापुरात एका बंद पडलेल्या मागाच्या शेडचा पुढचा भाग त्याने घेतला. लॅपटॉप उघडताना तो साडीच्या खोक्याचा पुठ्ठा समोर घेई, त्यावर यंत्राचा आकार पेन्सिलीने काढी, आणि निघेल तो स्क्रू पुठ्ठ्यावर नेमक्या त्याच जागी खोचून ठेवी. प्रत्येक स्क्रूची लांबी निराळी असते म्हणे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की आतली पट्टी फुटते. तुटलेले सूत जोडणारी ती बोटे असल्या कामात कधी घाई करीत नसत.

लोक यंत्र मोडीत काढायला निघत, तेव्हा तो म्हणे, "वय झालं न्हाय ह्येचं, वजन झालंय." मग नको ते सगळे प्रोग्रॅम काढून टाकी, पंख्यातली धूळ झाडी, चिपवरची वाळलेली, उष्णता काढून नेणारी पेस्ट खरवडून नवी लावी, फिरत्या चकतीची हार्डडिस्क काढून तिथे न फिरणारी, वेगवान एसएसडी बसवी. नवे विंडोज ज्या यंत्राला दारात उभे करीत नाही, त्यात लिनक्स ही हलकी प्रणाली घालून पडद्यावर लागतील तेवढीच चार-पाच चिन्हे ठेवी. संकेश्वरच्या एका ऊसवाल्या पाटलांनी मुलाच्या लॅपटॉपमध्ये मिळेल तेवढी मोठी रॅम घाला म्हणून हट्ट धरला होता. मुलाचा विषय सिनेमे पाहणे एवढाच आहे असे निघाले. आप्पाने नुसता पंखा साफ करून यंत्र परत दिले. पाटील रागावले, आणि पुढच्या महिन्यात भाच्याचे यंत्र घेऊन पुन्हा आले.

अमावास्येला माग बंद, म्हणून त्याचे दुकानही बंद. त्या दिवशी तो हत्यारे पुसून पाटावर मांडी, उदबत्ती लावी आणि दारात स्वस्थ बसून राही. माझ्या पोथ्यांचे रुमाल वर्षातून एकदा सरस्वतीपूजनाला सुटतात. त्याच्या हत्यारांची पूजा दरमहा होते हे कळले, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

खरी आग लागली ती त्याच्या बाकावर. तिथे गिऱ्हाइके ओळीने बसत, आणि आपली पाळी येईपर्यंत त्यांना ते चार शब्द पाठ होऊन जात. खानापूरकडची एक बाई एकदा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आप्पाने विचारण्याआधीच ती म्हणाली, "अधिकारी मी आन् माझी जाऊ. विषय अर्ज भरणं, पेन्शनचे, उताऱ्याचे. संबंध मोबाइलच्या नेटचा आन् एका प्रिंटरचा. प्रयोजन म्हंजे गावातल्या म्हाताऱ्यांनी तालुक्याला खेपा घालू न्हाईत."

"तुला रॅम नको, एसएसडी बास," आप्पा म्हणाला. "बॅटरी तेवढी बदलू. तुमच्यात करंट सारखा जातोय."

मी ते रस्त्यावर उभा राहून ऐकले. माझ्या विद्यार्थ्यांनी हे चार शब्द चार गुणांसाठी पाठ केले आणि परीक्षागृहाच्या पायरीवर सोडून दिले. त्या बाईला ते कामाला आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी जाऊन पत्नीला सांगितले की आप्पा शास्त्राचा बाजार मांडतो आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही काय मांडलंय?" आणि भाजी निवडू लागली.

शेवटी माझ्यावरही त्याच्या बाकावर बसण्याची वेळ आली. मुलाने वापरून सोडलेला एक लॅपटॉप माझ्याकडे होता. तो सुरू होईपर्यंत माझी संध्या आटोपत असे. गुरुजींच्या त्याच पोथीवर मी बारा वर्षे त्यात मराठी टीका लिहीत होतो. आप्पाने हात पुसले आणि मलाही सोडले नाही.

"काय रं पंडिता, अधिकारी कोण?"

"मी," मी म्हणालो.

"लिवणारा तू. वाचणारा कोण?"

विद्वान वाचतील, असे मी सांगितले.

"त्यांना पोथी येतीयाच की. मग टीका कुणाला?" त्याने लॅपटॉप फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिला. "इचार करून ये. मला गडबड न्हाय."

मी तसाच काचेच्या दाराच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे कुणी काही विचारले नाही. त्यांनी मोठ्यात मोठी रॅम आणि नवी डिस्क बसवून दिली. एकदा ओंकार म्हणावा एवढ्यात लॅपटॉप सुरू होऊ लागला. यंत्र धावले, टीका होती तिथेच राहिली. त्यानंतर तीन महिन्यांत मी एक ओळही लिहिली नाही, कारण लिहायला बसलो की त्याचा तो प्रश्न समोर येऊन बसे.

तो राग मी एका भर दुपारी काढला. बाकावरच्या कुणीतरी आप्पाला सहज विचारले, की या चार प्रश्नांच्या पुढे त्या पोथीत काय आहे. आप्पाच्या आधी मीच बोललो. म्हणालो, त्याला काय विचारता, हा तिसऱ्या वर्षीच गेला, दारापर्यंत आला आणि परतला, आतले त्याला ठाऊक नाही. पाच-सहा माणसे ऐकत होती. आप्पाने हातातल्या पंख्यावर फुंकर घातली.

"खरं हाय," तो म्हणाला. "दाराशीच ऱ्हायलो. गुरुजींनी परत बोलावलं न्हाय. बोलावलं असतं तर गेलो असतो."

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

पुढच्या अमावास्येला तो माझ्या दारात उभा होता. स्नान केलेले, धुतलेले धोतर, हातात नारळ आणि पानसुपारी. तो वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले. "पुढचं शिकीव," तो म्हणाला. मी म्हणालो, या वयात कशाला? तो हसला. "मागावर बसलो की मनात यायचं, आता पंडिताचा पाठ चालू असंल. लई हेवा करायचो तुझा."

सत्तरी ओलांडलेला मी, आणि माझा हेवा करणारे कुणी या जगात होते हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मी टीका उघडून वाचू लागलो. तिसऱ्याच ओळीला त्याने हात वर केला. "थांब. न्हाय कळालं." मी समजावून सांगितले. "असं हाय व्हय? मग असंच लिव की." त्यानंतर दर अमावास्येला तो येई. त्याला कळेपर्यंत मी पुढे जात नसे, आणि कळले की तेच लिहून काढत असे. माझी अवघड वाक्ये एकेक करून गेली, टीका निम्म्यावर आली. मध्ये एकदा त्याने आपण होऊन माझा लॅपटॉप पुठ्ठ्यावर घेतला. मोठ्या दुकानाने रॅम घातली होती. पंख्यातली इतक्या वर्षांची धूळ तशीच ठेवली होती. "आता अधिकारी गावलाय," तो म्हणाला, "आता उघडाय हरकत न्हाय."

एवढ्या साऱ्या दिवसांत ती गोष्ट माझ्या जिभेवर रोज येत होती. सहाव्या अमावास्येला पाठ संपल्यावर मी सांगून टाकले, की गुरुजींनी त्याला बोलावले होते. एकदा नव्हे, मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेव्हा. आणि मी निरोप दिला नाही, तो विसरलो म्हणून नाही. मी मान खाली घालून बसलो. त्याने मला काहीही म्हटले असते, तरी ते योग्यच झाले असते.

"गुरुजी माझं इचारत हुते?" त्याने विचारले.

होय, मी म्हणालो.

"काय म्हणाले? त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांग."

मी सांगितले. त्याने पुन्हा सांगायला लावले. तेव्हा गुरुजी कुठे बसले होते, हातात काय होते, वडगावचा मुलगा म्हणाले की नाव घेतले, हे सगळे विचारले. मी आठवून आठवून सांगत गेलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि चेहरा असा उजळला होता की तिसऱ्या वर्षातला तो मुलगाच समोर बसला आहे असे वाटावे. माझ्या अपराधाकडे त्याचे लक्षच गेले नाही. क्षमा मागायला बसलेला मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खरे सांगायचे तर तेव्हाही मला त्याचा मत्सरच वाटत होता.

आणखी तीन पाठ झाले. मार्गशीर्षात एका सकाळी दुकान उघडताना त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचण्याआधी तो गेला. मी वडगावला भेटायला गेलो. त्याची सून पाणी घेऊन आली. ती म्हणाली, मामंजी अलीकडे घरात सगळ्यांना, बाकावरच्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगत होते, की गुरुजींनी माझी आठवण काढली होती, पंडितांनी मला सांगितलं. मी मान हलवली आणि पाणी प्यालो.

टीका मी पुढे लिहितो आहे. परवा एका पानावर अडलो, तेव्हा उठून पाठशाळेतल्या आमच्या सोबत्यांची नावे एका कागदावर लिहून काढली. एकही हयात नाही. मी नसताना गुरुजींनी कधी माझी चौकशी केली होती का, हे आता मला कुणाला विचारता येणार नाही.